दहा गिनींची विद्या

घोडा आणि गाणे यांची गाठ ग्वाल्हेरीस कशी पडली हे जुन्या मंडळींस सांगावयास नको. हद्दूखाँसाहेबांच्या शिष्यांत ज्यांचे नाव घेतले जाते ते विष्णुपंत छत्रे याच गावात बाबासाहेब आपट्यांजवळ अश्वविद्या शिकले, आणि पुढे १८८० च्या सुमारास सर्कस काढून त्यांनी घोड्यांची कामे साऱ्या हिंदुस्थानास दाखविली. विष्णुपंतांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते लिहिण्याचा अधिकार माझ्याहून थोर मंडळींचा. परंतु त्यांच्या सर्कशीपूर्वी वीस-बावीस वर्षे एका अमेरिकन शेतकऱ्याच्या मुलाने लंडनमध्ये घोड्यांच्या मालकांस व स्वारांस समोर बसवून, मध्ये घोडा उभा करून, शिकवणीचे जे वर्ग चालविले त्यांची हकीकत मराठीत क्वचितच वाचावयास मिळते. मी पेशाने गाण्याचा मास्तर. घोड्यावर बसण्याचा प्रसंग लग्नात आला तेवढाच. तरीही ही हकीकत मला घरची वाटते. का वाटते, ते ओघात येईलच.

या गृहस्थाचे नाव जॉन सॉलोमन रेरी. जन्म ६ डिसेंबर १८२७ चा. गाव ओहायो संस्थानातले ग्रोव्हपोर्ट, कोलंबस शहराजवळचे, कालव्याकाठचे. घरी शेती होती, म्हणजे घोडे होतेच. त्या काळी अमेरिकेत घोड्यावाचून नांगर नाही, गाडी नाही, टपाल नाही. आणि शिंगरू वयात आले की त्याला माणसाळविण्याची एकच रीत सर्वत्र चालत असे: दोरांनी जखडायचे, चाबूक चालवायचा, आणि अंगातली रग उतरेपर्यंत चार दांडग्यांनी त्याच्याशी झुंजायचे. झुंजीत कधी माणसाचा पाय मोडे, कधी घोड्याचा, आणि जो घोडा एवढे करूनही वाकत नसे त्याच्या नावावर खट्याळ हा शिक्का कायमचा बसे. रेरीने पोरवयात हेच केले आणि हाडे मोडून घेतली. अंथरुणाला खिळून पडलेल्या मुलास विचार करण्यास वेळ मिळतो. आपण घोड्याशी भांडतो ते कशासाठी, आणि घोडा आपल्याशी भांडतो तो कशासाठी, याचा उलगडा तो करीत बसला.

त्याला जे सापडले ते थोडक्यात असे. घोड्याला आपल्या बळाची कल्पना नसते. अनुभवाने जेवढी येईल तेवढीच. त्याच्याकडून जे हवे ते त्याला नीट कळले, तर तो सहसा अडत नाही. आणि अनोळखी वस्तू त्याच्या नाकाला, ओठाला लावून पाहू दिली, तिने इजा होत नाही हे त्याला पटू दिले, की तिची भीती जाते. खोडी म्हणून आपण जे म्हणतो ते बहुधा भय असते, आणि भय हे अज्ञानातून येते. घोड्याच्या आणि त्याहून अधिक मालकाच्या.

१८५६ साली त्याने कोलंबस येथे एक लहानसे पुस्तक छापले. रानटी घोडे माणसाळविण्याच्या कलेवरचे ते चोपडे आहे. ते चाळताना माझे लक्ष पट्ट्यांच्या युक्त्यांकडे गेले नाही; गेले ते बारीकसारीक सूचनांकडे. कुरणातून शिंगरू घरी आणायचे तर आरडाओरडा न करता, कळपाभोवती लांबून हळूहळू फिरावे. तबेल्यात ते आपण होऊन शिरत नसेल तर आधी एक शहाणा घोडा आत नेऊन बांधावा, आणि मागून घाई करू नये. दोराचा फास गळ्यात टाकू नये, चामड्याची मऊ म्होरकी घालावी. अंगावर पांघरूण टाकायचे तर आधी ते त्याला हुंगू द्यावे. त्या काळी घोडे वश करणारे म्हणून जे फिरत ते जिऱ्याचे तेल आणि आणखी कसकसली अत्तरे हाताला चोळून जादूचा आव आणीत. रेरीने त्या औषधांची नावे दिली आहेत आणि त्यांवाचून काही अडत नाही असेही लिहिले आहे. पॉवेल म्हणून एक जण आधी होऊन गेला, त्याची पद्धत त्याने पॉवेलच्या नावानिशी छापली, हेही त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

नोंद दुसऱ्या बाजूचीही केली पाहिजे. डेन्टन ऑफट नावाचा एक गृहस्थ होता. १८३१ च्या सुमारास याच ऑफटच्या न्यू सेलम येथील दुकानात अब्राहम लिंकन नावाचा एक उंच, होतकरू कारकून नोकरीस होता. दुकान बुडाले, ऑफट पुढे घोडे शिकवू लागला, त्याने पुस्तक लिहिले, आणि रेरीचा डंका वाजू लागल्यावर तो सांगू लागला की, ही विद्या मूळची माझी. कोणाचे खरे, हे आज ठरवू जाऊ नये. विद्येच्या बाबतीत अशा तक्रारी गाण्याच्या क्षेत्रात आपण इतक्या ऐकल्या आहेत की, यात नवल ते काय!

अमेरिकेतून रेरी कॅनडात गेला. तेथील ब्रिटिश सेनापती सर विल्यम आयर यांनी त्याचे काम पाहिले आणि विलायतेतील लष्करी अधिकाऱ्यांच्या नावे शिफारसपत्रे दिली. गुडइनफ नावाचा टोरोंटोचा एक व्यवहारी माणूस भागीदार म्हणून बरोबर आला. १८५७ च्या अखेरीस दोघे लंडनमध्ये उतरले, आणि जानेवारी १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स आल्बर्ट यांच्यासमोर रेरीची परीक्षा झाली. सडपातळ, गौर, मृदू बोलणारा हा तिशीतला तरुण एका उधळ्या घोड्याबरोबर थोडा वेळ एकटा राहिला; मंडळी परत आली तेव्हा घोडा आडवा निजला होता आणि त्याच्या मागच्या पायांशी डोके टेकून रेरी शेजारी पडला होता. दरबारात एकदा मान हलली की शहर मागे धावते, हे संस्थानी गावात वाढलेल्या वाचकांस सांगणे नको.

यानंतर गुडइनफने जी व्यवस्था केली ती पाहण्यासारखी आहे. टॅटरसॉल हे लंडनचे घोड्यांच्या लिलावाचे प्रसिद्ध घर. तेथे वर्गणीदारांची यादी उघडण्यात आली. प्रत्येकी दहा गिनी, म्हणजे साडेदहा पौंड. आणि पाचशे नावे झाल्यावर शिकवणी सुरू. अट एकच: शिकलेले रहस्य बाहेर फोडणार नाही, असे वचन लेखी द्यावयाचे. पहिला वर्ग मार्च १८५८ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या अश्वशाळेत भरला. हे ड्यूक म्हणजे १८०३ साली असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या वेलस्लीचे चिरंजीव. लॉर्ड, सरदार, घोडदळाचे अधिकारी, शिकारीचे शौकीन तर आलेच, पण स्त्रियाही आल्या. तेच साल आपल्याकडे कसे गेले ते वाचकांस ठाऊक आहे. तिकडे उमराव रिंगणाभोवती बसून घोड्याचा स्वभाव शिकत होते, आणि जूनमध्ये इकडे कोट्याच्या सराईजवळ झाशीची राणी घोड्यावरच लढत पडली.

आता ते रहस्य काय होते? दोन पट्टे. पहिल्याने घोड्याचा पुढचा डावा पाय गुडघ्यात दुमडून खूर वर बांधायचा. तीन पायांवर उभा असलेला घोडा लाथ मारू शकत नाही, उधळू शकत नाही. आणि हे कोणी मारल्यामुळे झाले नाही, म्हणून त्याला राग धरायला माणूस सापडत नाही. दुसरा पट्टा उजव्या पायाच्या खुरावर अडकवून पोटाच्या तंगाखालून हातात घ्यायचा. घोडा पुढे उसळला की तो पाय वर ओढून धरायचा. मग तो गुडघ्यांवर येतो, काही वेळ झगडतो, घामाघूम होतो, आणि शेवटी एका कुशीवर आडवा होतो. येथवरचे काम कोणीही धट्टाकट्टा मनुष्य शिकू शकेल. रेरीची शिकवणी खरी सुरू होई ती यापुढे. निजलेल्या घोड्याच्या मानेवरून, पोटावरून, पायांवरून तो सावकाश हात फिरवी, खूर उचलून पाही, कानाशी हलके बोले, आणि हे करीत असता समोरच्या मंडळींना प्रत्येक गोष्टीचे कारण सांगे. मग पट्टे सोडून घोड्यास उठवी. ढोल आणी, आधी हुंगू देई, मग हलके वाजवी, मग पाठीवर ठेवून जोराने बडवी. छत्री उघडे, मिटे. तासापूर्वी पान हालले तरी बुजणारा घोडा या साऱ्यात उभा राही.

लंडनला सर्वांत मोठे कौतुक झाले ते क्रूझरचे. लॉर्ड डॉर्चेस्टर यांचा हा उमद्या वंशाचा नर घोडा १८५२ सालचा. शर्यतीत नाव काढील अशी आशा होती. पायाने दगा दिला आणि तो पैदाशीकडे गेला. स्वभाव आधीच तापट, त्यात कोंडमारा. मोतद्दार जवळ जाईनात. दातांनी लोखंडी कांब तोडतो अशी त्याची ख्याती झाली. तोंडाला अवजड लोखंडी मुसके चढविले, त्यातून धड खाणे-पिणेही होईना, आणि जनावर बंद कोठडीत राहिले. तीन वर्षे कोणी त्याच्या पाठीवर बसले नव्हते. डॉर्चेस्टर यांनी रेरीस जाहीर आव्हान दिले: आधी या घोड्याला वळवून दाखवावे. हॅम्पशायरमध्ये मरेल ग्रीन येथे रेरी गेला, आणि तीन तासांत तो क्रूझरच्या पाठीवर बसला. त्याच्यामागून मालकही बसले. काही दिवसांनी तोच घोडा लंडनच्या रिंगणात आला. मुसके लोकांना पाहण्यासाठी वेगळे ठेवले होते. पुढे घोडा रेरीच्याच पदरी राहिला.

मला या प्रसंगात तीन तासांचे फारसे नवल वाटत नाही. तीन वर्षे जे जनावर अंधारात लोखंड चावीत उभे होते त्याला माणसाचा उघडा हात मानेवर लागला, हे मोठे. रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहातील झेब्राही रेरीने असाच वळविला. घोड्याहून झेब्रा कितीतरी हट्टी. तेही लोकांनी डोळे भरून पाहिले. पण तो तमाशा झाला. क्रूझरची गोष्ट तमाशाची नव्हे.

आणि मग विद्या फुटली. कोणा वर्गणीदाराने वचन मोडले नाही. मोडण्याची गरजच पडली नाही. १८५६ चे ते कोलंबसचे चोपडे रूटलेज नावाच्या प्रकाशकाच्या हाती आले. अमेरिकेत छापलेल्या पुस्तकास त्या काळी इंग्लंडात कायद्याचे संरक्षण नव्हते. रूटलेजने ते छापून सहा पेनीस विकावयास काढले. हिशेब करून पाहा: ज्याने दहा गिनी भरल्या होत्या त्याला तेवढ्या पैशांत चारशे वीस प्रती आल्या असत्या! उमरावांत कुरबूर झाली, वर्तमानपत्रांतून पत्रे आली. रेरी व गुडइनफ यांनी वर्गणीदारांना वचनातून मोकळे केले. त्याच वर्षी सॅम्युअल सिडनी या घोड्यांच्या जाणकार लेखकाने, वर्गांत पाहिलेले सगळे चित्रांसह देऊन, त्या पुस्तकाची मोठी आवृत्ती काढली.

येथे रेरीचा धंदा बसायला हवा होता. तो बसला नाही. पुस्तक सहा पेनीस मिळत असताना लोक पैसे भरून येतच राहिले. आणि आता वर्ग बंद दाराआड राहिला नाही, लेस्टर चौकातल्या आल्हाम्ब्रासारख्या मोठ्या नाट्यगृहांत हजारोंसमोर भरू लागला. हे मला चांगले समजते. माझ्या वडिलांच्या दरबारी पिढीत चीज मागून मिळत नसे. गंडा बांधावा, वर्षानुवर्षे सेवा करावी, तेव्हा खाँसाहेब प्रसन्न होऊन अंतरा पुरा सांगत. नाहीतर अस्ताईवरच बोळवण. पुढे पंडित भातखंडे यांनी शेकडो चिजा स्वरलिपीत छापल्या, १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय निघाले, आणि दारे उघडली. त्या वेळी घराण्याचे सोने रस्त्यावर आले म्हणून हळहळणारे पुष्कळ होते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पिशवीत क्रमिक पुस्तके असतात. तरी ती येतात. पुस्तकात गांधार लिहिलेला असतो. तो किती वेळ धरावा आणि केव्हा सोडावा, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. दोन पट्टे सिडनीच्या चित्रांत स्पष्ट दिसतात, पण ओढ केव्हा सैल करावी हे चित्रात दिसत नाही, आणि ते न कळलेल्या अनेकांनी त्याच पट्ट्यांनी घोड्यांचे गुडघे फोडले.

या संदर्भात आयर्लंडातल्या सलिव्हनची आठवण होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्क परगण्यात हा घोडे वळविणारा मनुष्य प्रसिद्ध होता. खट्याळ घोड्याबरोबर तो तबेल्यात शिरे, दार लावून घेई, आणि दार उघडे तेव्हा घोडा कोकरासारखा असे. काय करतो हे त्याने कोणालाही सांगितले नाही. त्याच्या मुलाने तो धंदा चालवून पाहिला. बापाची किल्ली त्याच्या हाती नव्हती. सलिव्हन गेला, त्याबरोबर विद्याही गेली. रेरीची विद्या फुटली म्हणून ती राहिली. हे त्याने आपखुशीने केले असे मात्र कोणी म्हणू नये. दहा गिनींची अट त्याला मान्य होती, आणि रूटलेजने गोंधळ केला नसता तर ती किती दिवस चालली असती कोण जाणे.

रेरी मायेने घोडे वळवीत असे, अशी त्याची कीर्ती आहे. त्याने मारझोडीवर भर दिला नाही, हे खरे. पण पाय बांधून, धाप लागेपर्यंत झगडू देऊन आडवे पाडणे हीसुद्धा बळजोरीच, मग हात कितीही मऊ असो. जनावरांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे आज असे सांगतात की, अशा रीतीने शांत झालेला घोडा विश्वासाने शांत झालेला असतोच असे नाही. काही केल्या सुटका नाही हे कळून तो अंग टाकतो. हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरी रेरीला तोलायचे तर त्याच्या काळच्या दोर-चाबकाच्या मापाने तोलावे, आणि पट्ट्यांच्या आधी व नंतर तो काय शिकवीत होता तेही पारड्यात घालावे. घोडा अडला तर आधी आपण काय चुकलो ते पाहा, हे त्याने श्रीमंत मालकांना तोंडावर सांगितले आणि त्यासाठी त्यांच्याकडून दहा गिनी घेतल्या. मास्तरकीत याहून मोठे यश मी पाहिलेले नाही.

इंग्लंडातून तो पॅरिसला गेला. तेथे सरकारी पैदाशीच्या पागेतला स्टॅफर्ड हा असाच कोणाला जवळ येऊ न देणारा घोडा त्याने लोकांसमोर वळविला. नंतर स्वीडन, जर्मनी, रशिया असे राजदरबार झाले. त्याच्या नावावरून इंग्रजीत एक क्रियापदच तयार झाले. घोडा माणसाळविणे म्हणजे त्याला रेरीचे काम देणे. १८६० च्या अखेरीस क्रूझरला घेऊन तो अमेरिकेस परतला आणि जानेवारी १८६१ मध्ये न्यूयॉर्कला निब्लोच्या नाट्यगृहात त्याचे प्रयोग सुरू झाले. तीन महिन्यांत यादवी युद्ध पेटले. त्या युद्धात घोडे खेचरांसह लाखोंनी मेले. कित्येक गोळीने नव्हे, तर उपाशी, चिखलात उभे राहून, न शिकलेल्या स्वारांच्या हातून. सरकारने रेरीला पोटोमॅकच्या सैन्यातील घोड्यांची पाहणी करण्याचे काम सोपविले. राजवाड्यांच्या रिंगणात वाहवा मिळविलेल्या माणसाने तेथे काय पाहिले असेल याची कल्पना करवत नाही.

त्याने लग्न केले नाही. मिळालेल्या पैशातून ग्रोव्हपोर्टला मोठे घर बांधले. क्रूझर तेथेच राही. पुढे पक्षाघाताने त्याला गाठले आणि ४ ऑक्टोबर १८६६ रोजी क्लीव्हलँड येथे तो वारला. वय अडतीस, एकोणचाळीस पुरी होण्यास दोन महिने होते. क्रूझरची तहहयात तजवीज त्याने करून ठेवली होती. धनी गेल्यावर घोडा पुन्हा तापट झाला, कोणाला फारसे जवळ येऊ देईना, अशी आठवण त्या गावी सांगत आले आहेत. खोटी वाटण्याचे कारण दिसत नाही. तो धन्यामागे नऊ वर्षे जगला आणि १८७५ साली गेला. ग्रोव्हपोर्टच्या शाळेतील मुलांचे खेळाचे संघ त्याच्याच नावाने मैदानात उतरतात.